वापरण्यापूर्वी, वापरल्यानंतर

आमच्या बाबांचं टक्कल एके काळी भिंतीभिंतीवर झळकायचं. आमच्या गल्लीतल्या तेलवाल्याने केस वाढवणारं तेल काढलं, तेव्हा जाहिरातीत दोन फोटो होते. डावीकडे ‘वापरण्यापूर्वी’, म्हणजे बाबा. उजवीकडे ‘वापरल्यानंतर’, म्हणजे काका. नाक दोघांचंही आजोबांचं, त्यामुळे बघणाऱ्याला माणूस एकच वाटायचा. तेलवाला दोघांचा लंगोटीयार. त्याच्या मागच्या खोलीत पांढरी चादर टांगून, हसू दाबत दोघांनी फोटो काढून घेतले होते. मग घरात तीच नावं पडली. आई चहा गाळताना हाक मारायची, “पूर्वी, तुमचा कप घ्या! नंतर, तुम्ही नंतर!” ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं.

पण आजोबा गेले आणि खोल्यांच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं. काका आजोबांच्या दुसऱ्या बायकोचा. घरात हे कुणी कधी उच्चारत नसे. रागाच्या भरात बाबाच बोलून गेले, “सावत्र तो शेवटी सावत्रच!” काकाने त्याच संध्याकाळी बाडबिस्तरा आवरला. पुढे रस्त्यात समोरासमोर आले, तरी दोघंही दुकानांच्या पाट्या वाचत निघून जायचे. बाबा आतून खचले होते, पण माफी मागायची म्हटलं की त्यांची जीभ उचलत नसे. मला दोघांचाही भयंकर राग यायचा.

अशात एका शाळामास्तरांनी ग्राहक न्यायालय गाठलं. बाटल्यांमागून बाटल्या चोळूनही त्यांच्या डोक्यावर केस उगवले नाहीत, पण कोर्टात केस उभी राहिली. “फोटोतला माणूस एकच आहे,” तेलवाल्याचा वकील छातीठोकपणे म्हणाला.

मास्तर उठले. “केस आले, मान्य. पण गालावरचा तीळ कुठे गेला? तेलाने तीळही जातो का?”

न्यायालयाच्या अध्यक्षबाईंनासुद्धा हसू आवरेना. त्यांनी फोटोतल्या माणसांना हजर करायला सांगितलं.

आदल्या दिवशी तेलवाला बाबांकडे आला. “एकच माणूस आहे म्हण, म्हणजे मी सुटेन. नाहीतरी त्या सावत्राशी तुझा संबंध काय उरलाय?”

कोर्टात बाकाच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काका आणि मध्ये मी. काकालाही आता टक्कल पडलं होतं, आणि त्याला तर तेल फुकट मिळायचं.

अध्यक्षबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. “हे तुम्ही. आणि हे? तुमच्या नात्यातले?”

बाबांनी काकाकडे पाहिलं.

“धाकटा भाऊ,” ते म्हणाले.

“चुलत, मावस?”

“सख्खा. सख्खा भाऊ आहे माझा. तसंच लिहून घ्या.”

काका मान खाली घालून खिशात रुमाल शोधत राहिला.

तेलवाल्याला सगळ्या जाहिराती उतरवाव्या लागल्या. शिवाय वर्तमानपत्रात ठळक खुलासा छापावा लागला: ‘आमच्या जाहिरातीतील छायाचित्रे एकाच व्यक्तीची नसून दोन सख्ख्या भावांची आहेत. ग्राहकांची दिशाभूल झाल्याबद्दल दिलगीर आहोत.’

खुलासा छापून आला त्या सकाळी काका पेपर घेऊन आमच्या दारात उभा राहिला. डोळे लाल, पण आवाज जुनाच, चिडवणारा.

“दादा, खुलाशातसुद्धा खोटं छापलंय. तक्रार करू का?”

“कर,” बाबा म्हणाले. “मी पुन्हा तेच सांगेन.”