तांबडा कुत्रा आणि इतर आर्थिक उद्दिष्टं

फ्रेंचची तोंडी परीक्षा पास झाला, तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला बायकोकडे जाता येणार होतं. नापास झाला, तर आणखी एक वर्ष तो इथे आणि ती परदेशातल्या इस्पितळात पेशंटची उशी सारखी करत. विषय होता 'तुमची आर्थिक उद्दिष्टं'. हे त्याला मराठीतही कधी कुणी विचारलं नव्हतं.

आठव्या मजल्यावर एका दोरावर लोंबकळत डबा खाणारा हा गडी, पण परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्याची पाचावर धारण बसली होती. शेजारी एक बेकरीवाली डोळे मिटून फ्रेंचमध्ये पुटपुटत होती. त्याने कान दिला. हे तर त्याचंच उत्तर होतं.

"ताई, बाग पण म्हणालात का?"

"हो. बचत करून घर, मागे बाग, बागेत कुत्रा."

"तांबडा?"

"तांबडाच." तिने डोळे उघडले. "दादा, तुम्ही पण सरांकडेच शिकलात?"

शिकवणीचे सर सगळ्यांकडून एकच उत्तर घोटून घ्यायचे. विद्यार्थी बदलतात, परीक्षक बदलत नाही, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दारावर पाटी होती: पाठ केलेलं उत्तर आढळल्यास नापास.

दार उघडून एक शिंपी बाहेर आला, पांढराफटक. "सकाळपासून हा चौथा कुत्रा, बाई म्हणाल्या," एवढं सांगून तो भिंतीला धरून निघून गेला.

"पुढचे," आतून हाक आली.

परीक्षक बाईंसमोर बसल्यावर कुत्रा जिभेच्या टोकावर आला. लिफ्टवाल्याने तो गिळला. आता उरलं काय? सरांच्या पुस्तकातले फर्निचरचा आणि नातेवाइकांचा असे दोन धडे. तेवढ्या फ्रेंचवर संसार करायचा.

"मला पाहिजे," तो मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "टेबल."

बाई थांबल्या. "एवढंच?"

"मोठं टेबल. दर महिन्याला थोडे पैसे ठेवणार. मग टेबल. मग चार खुर्च्या."

"घरात माणसं किती?"

"मी. बायको."

"मग चार खुर्च्या कशाला?"

आख्खं वर्ष त्याच्या डोळ्यांसमोर आ वासून उभं राहिलं.

"सासरे," तो म्हणाला. "जाड. दोन खुर्च्या लागतात."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "ते येणार आहेत तिकडे?"

"येतील. मला भीती वाटते."

हे कुठल्याच धड्यात नव्हतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"झालात पास. जा."

"बायकोकडे?"

"आधी बाहेर."

बाहेर बेकरीवालीने त्याची बाही पकडली. "दादा, काय सांगितलंत?"

"खरं तेच. सासऱ्यांचं सांगितलं."

तिचा चेहरा पार उतरला. "अहो, माझं तर लग्नच झालेलं नाही," ती म्हणाली, तेवढ्यात आतून हाक आली, "पुढचे."