बाजूच्या सीटचा ब्रेक

मित्रांनो, मी गाडीतली एक जुनी मॅट आहे. दारापुढे पसरतात ती नव्हे, ती माझी लांबची बहीण. तिच्या पाठीवर निदान 'सुस्वागतम्' तरी लिहिलेलं असतं. माझ्यावर काहीच लिहिलेलं नाही. माझ्यात फक्त एक भोक आहे, आणि ही हकिगत त्या भोकाची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळ्या गालिच्याच्या एका लांबलचक गुंडाळीतून आम्हाला जोडीने कापलं, मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला. ती चालवणाऱ्याच्या पायाखाली गेली, मी बाजूच्या सीटपुढे. गाडी लाल, दोनच सीटची आणि जमिनीला इतकी टेकलेली की माणूस आधी वाकायचा, मग कण्हायचा, मग बसायचा. मी तळाशी असल्यामुळे मला माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत. मी त्यांना पायांवरून ओळखते. तुम्हालाही तसंच ओळखेन, तेव्हा जरा बरे बूट घालून या.

माझ्या बहिणीचं आयुष्य छोटं ठरलं. गाड्या पळवायच्या ट्रॅकवर चालवणाऱ्याच्या पायाखाली सुटी मॅट चालत नाही. ती सरकून पेडलखाली अडकली तर ब्रेक दाबलाच जात नाही. पहिल्याच दिवशी तिला काढून ट्रॅकवरच्या गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलं आणि कुणीतरी तिच्यावर तेलाचा डबा ठेवला. तो डबा अजून तिथेच आहे. सांत्वनाला जायचं तर मला पाय नाहीत.

गाडी भाचीची होती. भाची कवळ्या बनवायची. केसभर चुकलं तर कुणाला तरी जेवता येत नाही, असलं तिचं काम. महिन्यातून एक रविवार ती ट्रॅकवर यायची. तिथे शर्यत नसते, बक्षीस नसतं. लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, दिवसभर त्याच रस्त्याने गोल गोल फिरतात आणि संध्याकाळी जिथून निघाले होते तिथेच पोचतात. या गोष्टीला ते छंद म्हणतात.

तिच्या बाजूच्या सीटवर मामा बसायचे.

मामांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा खांबाच्या दिशेने निघाला की शिकवणारा तो दाबतो. मामांनी तो इतक्या वेळा दाबला होता की, मामी म्हणायच्या, यांचा उजवा बूट डाव्यापेक्षा दोन वर्षांनी म्हातारा दिसतो. निवृत्त झाल्यावर ते भाचीच्या गाडीत आले. इथे त्यांच्यापुढे ब्रेक नव्हता. इथे मी होते.

त्यांनी मलाच दाबायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी वाटलं, सवय आहे, जाईल. अकरा वर्षं गेली नाही. माझे केस झिजले, मग कापड झिजलं, मग टाचेएवढं भोक पडलं. मी सरकू लागल्यावर मामांनी स्वतः चार स्क्रू मारून मला गाडीच्या तळाला पक्कं केलं. ट्रॅकवर जाण्याआधी तपासणीस प्रत्येक गाडी बघतो. तो बॅटरी मारून मला ओढून बघायचा आणि म्हणायचा, "ही गाडीपेक्षा पक्की आहे."

मामा आणि भाची मुद्दाम पावसाचा रविवार निवडायचे. पाऊस आला की निम्मे लोक गाड्यांवर कव्हर टाकून घरी जायचे, आणि ही दोघं हेल्मेट घालायची. मामांचं म्हणणं, कोरड्यात गाडी चालते, पावसात माणूस चालवतो. निघण्याआधी ते सगळं सांगून घ्यायचे. स्टीअरिंग हळू फिरव. ज्या पट्ट्यावरून सगळे जातात तिथे टायरचं रबर घासून बसलेलं असतं, पाणी पडलं की त्याचा साबण होतो, तू बाहेरून जा. आणि तिसऱ्या वळणाआधी लवकर ब्रेक लाव, कारण तिथे पाण्याचा ओहोळ रस्ता ओलांडतो. ट्रॅकवर गेल्यावर मात्र मामा एक अक्षर बोलायचे नाहीत. चालवणारा ऐकायला लागला की बघायचं विसरतो, असं त्यांचं मत होतं.

तिसरं वळण गॅरेजच्या बरोबर मागे होतं. तिथे दर फेरीला एक गोष्ट घडायची, ती फक्त मला माहीत होती. आधी मामांचा पाय माझ्यावर दाबला जायचा, आणि मग, डोळ्याचं पातं लवेल इतक्या वेळाने, गाडीचा ब्रेक लागायचा. आधी पाय, मग गाडी. अकरा वर्षांत एकदाही उलट झालं नाही. भाची डोळ्याच्या कोपऱ्यातून मामांचा गुडघा बघत होती. आपण असं बघतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मॅटला कोण विचारतं?

मग मामा गेले. गाडीत नाही, ट्रॅकवर नाही. एका मंगळवारी, चांगलं ऊन असताना, सोफ्यावर बसल्या बसल्या.

त्यानंतरच्या पहिल्या पावसाळी रविवारी भाची एकटीच आली. गाडी सुरू केली आणि टुंग टुंग वाजू लागलं. बाजूच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी अशी वाजते. सीट रिकामी होती. भाचीने तिच्यावर हात फिरवला, ठोकून बघितलं, सीटला दोन शब्द सुनावले. टुंग टुंग चालूच. शेवटी तिने रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावला. आवाज थांबला.

तिसरं वळण आलं. आणि मित्रांनो, माझ्यावर पाय पडला. तीच टाच, तेच वजन, त्याच भोकावर. मला दाब कळला. भाचीला गुडघा दिसला नाही. दिसायला गुडघा उरलाच नव्हता. ती वाट बघत राहिली, ब्रेकला उशीर झाला, गाडी ओहोळावर चढली, दोनदा स्वतःभोवती फिरली आणि गवतात उलट्या तोंडाने उभी राहिली. वायपर चालू होते. कुणी काही बोललं नाही. गाडीत बोलण्यासारखं एकच माणूस होतं, आणि दुसरं बोलायचंच नाही.

गॅरेजमध्ये आल्यावर भाची वाकली. माझ्यावर टाचेचा एक ओला ठसा होता.

तिने मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने नळी लावून गाडीवर पाणी मारलं, आत बसून चाचपलं, मला स्क्रू काढून उचललं, खालचा पत्रा कोरडा ठणठणीत बघून परत बसवलं. पुढच्या पावसानंतर पुन्हा ठसा. पुन्हा नळी. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला की गाडीला घाम येतो. भाचीने विचारलं, आठ नंबरच्या बुटाच्या टाचेच्या आकारात येतो का? तो म्हणाला, महागड्या गाड्यांचं काही सांगता येत नाही.

तीन ओले रविवार, तीनदा गाडी गवतात. तिसऱ्यांदा ट्रॅकप्रमुख स्वतः छत्री घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले की आता आणखी एकदा फिरलीस तर या फाटकातून परत आत यायचं नाही, ते तुझ्याच भल्याचं आहे. भाचीने ठरवलं की तसं झालं तर गाडी विकून टाकायची. तिने हे कुणाला सांगितलं नाही, पण ती टाचा घासत चालू लागली. मला तेवढं पुरतं.

चौथ्या पावसाला मामी आल्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही ट्रॅकवर आल्या नव्हत्या. पायात रबरी चपला, हातात थर्मास. म्हणाल्या, आपला नवरा इतके रविवार कुठे जायचा ते एकदा बघून घेते.

तपासणीसाने बॅटरी मारली आणि मला ओढलं. मी उचलली गेले. तीन वेळा काढता-घालताना मिस्त्रीने चारातले दोन स्क्रू हरवले होते. तपासणीस म्हणाला, "सुटी मॅट आत चालणार नाही. काढा."

भाचीने उरलेले दोन स्क्रू काढले. कोपऱ्यात, माझ्या बहिणीशेजारी, टाकायला निघाली होती, पण थबकली आणि मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला लोकांचे चेहरे नीट दिसले. भाचीचा मला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. मामींचा माझ्यासारखाच, एका जागी झिजलेला.

मामी स्टुलावर बसल्या. माझ्या भोकाकडे बघून म्हणाल्या, "घरी पलंगाच्या पायथ्यालाही असंच आहे. झोपेतसुद्धा ब्रेक मारायचे. माझी पिंढरी निळी व्हायची."

भाची हसली नाही. हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मामी, मला जमणार नाही. मला कळलंय, मी कधी स्वतःहून ब्रेक लावलाच नाही. मामांचा पाय हलला की मी लावायचे."

मामी थर्मासचं झाकण फिरवता फिरवता थांबल्या. "ते तर उलटं सांगायचे. म्हणायचे, आता तिला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. ती ब्रेक लावते, आणि माझा पाय आपोआप दबतो."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मग आधी कोण लावायचं?" भाचीने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी घरी तुमच्यासाठी जेवण गरम करत होते."

मित्रांनो, मला सगळं माहीत होतं आणि मी खिळ्याला लटकत होते. मॅटचा जन्म असाच असतो.

भाची निघाली. गाडी टुंग टुंग करू लागली, तिने रिकाम्या सीटचा पट्टा लावला, आणि ती पावसात गेली. फेरीला अडीच मिनिटं लागायची. मी मनात म्हटलं, आता मी गाडीत नाही, म्हणजे ते संपलं.

भिंतीच्या मागून इंजिनाचा आवाज जवळ आला. तिसरं वळण. आणि भिंतीवर लटकलेली असताना माझ्यावर पाय पडला.

मी उभी होते, पाय आडवा होता. सीट तिकडे, टाच इकडे. मामा बहुधा दोन ठिकाणी विभागून गेले होते. भोकाच्या कडा आत दबल्या आणि त्यांच्यावर पाणी आलं. मागे टायर किंचाळले. गाडी घसरली, पण सावरली. दुसऱ्या फेरीला पुन्हा पाय, पुन्हा किंचाळी, या वेळी जास्त लांब. तपासणीस बाहेर जाऊन बघू लागला. ट्रॅकप्रमुखांची छत्री उघडल्याचा आवाज आला.

मामी माझ्याकडे बघत होत्या. माझा मधला भाग दबतो, थांबतो आणि सुटतो, हे त्यांनी दोनदा बघितलं होतं. भोकातून पाण्याची धार भिंतीवर उतरत होती. त्या घाबरल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवून त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि रोज संध्याकाळी घरात बोलत असतील तशा आवाजात बोलल्या.

"अहो, पुरे आता. तिला लावू द्या."

तिसरी फेरी. इंजिन जवळ येत होतं. मी वाट बघितली. पाय आला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर काहीच नव्हतं, आणि ते मला पायापेक्षा जड वाटलं. इंजिन आणखी जवळ आलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मी गालिचा आहे.

आणि इंजिनाचा आवाज खाली आला. लवकर, हळू, न किंचाळता. गाडी ओहोळ ओलांडून, वळण घेऊन निघून गेली.

मग पाय आला. उशिरा. दाबायला नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठणारा माणूस टाचेवर भार देतो, तसा. मग भार उतरला.

भाचीने आणखी नऊ फेऱ्या मारल्या. ट्रॅकप्रमुख छत्री मिटून चहा मागायला आले. भाची परत आली, तेव्हा बाजूचा पट्टा सोडायला तिने हात नेला आणि थांबली. पट्टा आधीच सुटलेला होता. गाडी वाजत नव्हती. मामींनी मला खिळ्यावरून काढलं, पिळलं, गुंडाळी केली आणि काखेत मारली.

आता मी मामींच्या घरी असते, सोफ्यापुढे. भाची दर ओल्या रविवारी ट्रॅकवर जाते आणि येताना मामींकडे जेवते. उलट्या तोंडाने गवतात ती पुन्हा गेलेली नाही. गाडीत माझ्या जागी नवी मॅट घातली आहे. ती कोरडी आणि केसाळ आहे, तिला काहीही माहीत नाही, आणि तसंच राहो.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं. तुमच्या घरात एखादी झिजलेली मॅट असेल तर फेकण्याआधी ती कुठे झिजली आहे ते बघा. त्या जागी कुणीतरी तुमच्यासाठी घाबरत बसलं असेल. तिला महिन्यातून एकदा ऊन दाखवा, काठीने हळू झटका, भोक शिवू नका. आणि पावसातून आलात की पाय पुसून मगच आत या.

मी सगळ्यांना सांगते. मामी ऐकतात, भाची ऐकते. एक जण अजून ऐकत नाही. पाऊस लागला की मामी सोफ्यावर आपले पाय थोडे बाजूला घेतात.