वारलूमामाचे पाय

उर्वशीचा नंबर यायला दुपारचे साडेतीन वाजले. सकाळी सहाच्या एस्टीनं सावली गावाहून निघालेली पोरगी, पोटात दोन बिस्किटं आणि डोळ्यांवर झोप. नर्सिंगची मुलाखत गेली होती, लॅबची गेली होती, ही तिसऱ्या वर्षीची तिसरी. चंद्रपूरच्या या दवाखान्यात पोडियाट्रीचा, म्हणजे निव्वळ पावलांचा इलाज शिकवणारा कोर्स निघाला होता आणि त्यात एकच जागा उरली होती. "यंदा नाई झालं त मोहर्लीले जाय, रिसॉर्टातल्या चादरी बदलाले," असं आई म्हणाली होती. रागानं नाही, थकून. आई रागावली असती तर उर्वशीला बरं वाटलं असतं.

"पायच का?" मुलाखत घेणाऱ्या भूपेश सरांनी विचारलं. तेही सकाळपासून हेच विचारून कंटाळलेले.

उत्तर पाठ होतं: सेवा, समाज, ग्रामीण भाग. पण ते म्हणून दाखवायचंही तिच्या जिवावर आलं. "सर, धानाच्या रोवण्याच्या टायमाले बाया महिनाभर चिखलात उभ्या राह्यतात. बोटायच्या बेचक्या सडतात. त्या बिब्बा लावतात अन् पुन्हा बांधीत उतरतात. पाय कोनी पाह्यतच नाई."

सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "चल, प्रॅक्टिकल."

ओपीडीच्या रांगेतून एका म्हाताऱ्याला, पोरीची परीक्षा आहे असं सांगून, नुकतंच आणून खुर्चीत बसवलं होतं. नाव वारलू, आजार साखरेचा. साखरेनं पायांची जाणीव जाते, ती किती उरली ते पाहायचं; काम तसं सोपं होतं. पेशंटनं डोळे मिटायचे, काडीला लावलेला नायलॉनचा दोरा त्याच्या तळव्याला दहा ठिकाणी टेकवायचा, दर वेळी "लागते का" विचारायचं आणि लिहायचं. पण गावाचं नाव न विचारता कुणाच्या अंगाला हात लावायचा, हे उर्वशीला कुणी शिकवलंच नव्हतं.

"कुठचे, भाऊ?"

"पिपरटोल्याचा."

"अगा! माया आईचं माहेर!"

झालं. म्हाताऱ्यानं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढले. "मंग तू त भाची झाली वो बाई! भाचीनं मामाच्या पायाले हात लावाव? मीच तुया पाया पडतो." आणि तो खरोखरच उठून वाकला. आईच्या गावचा प्रत्येक बाप्या मामा आणि भाचीच्या पाया मामानं पडायचं, हा रिवाज तिलाही ठाऊक होता. सरांनी घड्याळ पाहिलं.

उर्वशीला रडूच कोसळायचं बाकी होतं. कशाला विचारलं गाव? जीभ जरा गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

"मामा, हात नाई लावत मी. दोराच लागन फक्त."

मामानं विचार केला. दोऱ्याला नातं नसतं, हे त्याला पटलं असावं. पाय बाहेर आले, डोळे मिटले.

"लागते?"

"लागते."

"इथी?"

"लागते वो."

एकेक करत आठ झाले, सगळे हो. कागद कसा छान भरत होता. फक्त मामा जरा घाईत होता. उर्वशीनं नवव्या वेळी दोरा टेकवलाच नाही, हवेतच धरला.

"लागते?"

"बराबर लागते!"

मामा भाचीला पास करून राहिला होता. सर कागदांत डोकं घालून बसलेले. दहा हो लिहिले की सुटका, संध्याकाळच्या गाडीला जागाही मिळाली असती. तिला त्या म्हाताऱ्याच्या भोळ्या मायेचा संताप आला. तिनं सगळे हो खोडले.

"सर, मामा मायासाठी खोटं बोलून राह्यले. मले हात लावाच लागन."

आणि तिनं सरळ पाऊल मांडीवर घेतलं.

"पाप लागन वो!" मामा ओरडला. डोळे मात्र त्यानं उघडले नाहीत. परीक्षेचा तेवढा नियम तो इमानानं पाळत होता.

टाचेपाशी बाभळीचा काटा होता. जुना, काळा पडलेला, भोवती पू धरलेला. सर उठून आले आणि त्यांनी चिमट्यानं तो ओढला. बोटाच्या पेराएवढा काटा ट्रेमध्ये पडला.

"लिहलं का दहा?" मामानं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

मग त्यानं स्वतःच डोळे उघडले. ट्रेकडे पाहिलं. "कोनाचा काटा हाय हा?"

सर हळूच म्हणाले, "सोमवारपासून वर्ग आहेत, ये. पण आत्ता यांना तूच सांग."

तीन वर्षं जे ऐकायला ती तरसली होती, ते कानावर पडलं आणि तिला वाटलं, मामाला सांगायला दुसरं कुणी का नाही इथं. मामा अजून तिच्याकडेच पाहत होता, पास झाली का म्हणून.

"मामा," ती म्हणाली, "तुमचे पाय बहिरे झाले."