दोन्ही बाजू जळाल्या

मी जाळपट्टी बोलतेय. बोदलकशाच्या वाटेवर सागाची लागवड आहे ना, तिच्या मधोमध मी. मधून बैलगाडीची वाट आणि दोन्ही अंगांना गवत. एक तळ्याची बाजू, एक डोंगराची. मी आधीच जळून मोकळी झाले की पुढे आलेल्या वणव्याला खायला काही उरत नाही, साग वाचतो. जळणं हे माझं कामच आहे. त्याची तक्रार नाही बापा.

हिरालाल नावाचा वनमजूर होता, तेव्हा एक रीत होती. यंदा तळ्याची बाजू जाळायची, पुढच्या साली डोंगराची. उरलेल्या बाजूचं गवत गावकरी छपरासाठी कापून नेत. त्या गवताच्या बुडख्यात फुलपाखरांच्या अळ्या तग धरून राहायच्या. साधी मातकट फुलपाखरं ती, कोणी थांबून बघतही नाही. पण त्यांची पोरं फक्त माझंच गवत खातात, आणि सागाच्या सावलीत ते उगवत नाही. पावसात ती मोठी होऊन जळालेल्या बाजूवर अंडी घालायला यायची. माझं सगळं अंग भरून जायचं.

हिरालाल गेला. गावात टिनाची छपरं आली. गवत कापायला कोणी फिरकेना, आणि डोंगराची बाजू कमरेएवढी वाढली.

या फागुनात हिरालालचा मुलगा चुन्नीलाल बायकोला, रुख्माला, घेऊन मला जाळायला आला. तळ्याची बाजू जाळून झाली. मग त्यानं टेंभा डोंगराच्या बाजूला लावला.

"हे बाजू काऊन जाळून राहिले? हे तं यंदा ठेवाची होती न?" रुख्मानं विचारलं.

"एवढं वाळलं गवत ठेवू? अन् मोहफुलं पडू लागले का मंग कामाले येते का कोनी? सारे येचाले जाते. आजच निपटवून टाकू."

"बुडाशी आळ्या हायेत न वो. मामंजी ठेवत होते."

"बाबा छपरासाठी ठेवत होते. काई होत नाई एका सालानं."

खोटं नव्हतं त्याचं. म्हाताऱ्यानं फुलपाखरांसाठी काही केलंच नव्हतं. पण माझी लेकरं त्याच्या छपरामुळं जगत होती, हे मी कुणाला आणि कशी सांगणार? मला पाय असते तर त्यांना उचलून पळाले असते. माझ्याच अंगावर ती जळाली आणि मी नुसती पडून राहिले.

आता श्रावण आहे. साग सुखरूप आहे. परवा जंगलखात्याचे मोठे साहेब आले. "क्या बढ़िया घास है! एक पत्ता भी कीड़े ने नहीं काटा." चुन्नीलाल खुश झाला. रुख्मा मात्र वाकून पानं उलटीपालटी करत राहिली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

जाळा मला, दरसाल जाळा. पण एक बाजू ठेवत जा रे. आणि कुठं अंड्यांवर आलेलं एखादं मातकट फुलपाखरू दिसलं, तर त्याला माझी वाट दाखवा. म्हणावं, पानं कोवळी आहेत, पोरांना घेऊन ये. चाळणी होऊ दे माझी.