पायाखालचं बटण

डोणगावात बेसुरे लोक आधीही होते, पण पूर्वी ते गप्प बसायचे. कराओके आलं आणि त्यांना कंठ फुटला. हे धम्मरत्नचं मत, आणि ते सांगायला तो कोणी विचारायची वाट बघत नसे.

धम्मरत्नची साउंड सर्व्हिस होती. लग्न असो, जयंती असो की पुढाऱ्याची सभा, मागच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द स्पष्ट गेला की लोक समजायचे, तार धम्मरत्नच्या हातची आहे. त्याच्या आधी, ऐन पंचविशीत, तो गायन पार्टीचा मुख्य गायक होता. मेहकरपासून लोणारपर्यंत माणसं त्याच्यासाठी जागा धरून बसत. मग पार्टी मोडली, हार्मोनियमवाला कंपनीत नोकरीला गेला आणि धम्मरत्न माइकच्या पुढून माइकच्या मागे आला. सव्वीस वर्षं तो दुसऱ्यांचे आवाज मोठे करत होता. त्यातला एकही आवाज मोठा करण्याच्या लायकीचा आहे, असं त्याला वाटलं नव्हतं.

सगळ्यात जास्त राग त्याला कराओके मंडळाचा यायचा. मंडळाचे अध्यक्ष महादेवराव, रिटायर मुख्याध्यापक. पस्तीस वर्षं पोरांना ‘ओरडू नका’ म्हणून सांगितलं, आणि पेन्शन सुरू झाल्याबरोबर स्वतः ओरडायला लागले. दर रविवारी ते जुनी गाणी धरायचे आणि पार उभी चिरायचे. पण याच महादेवरावांनी यंदा वर्धापनदिनाला शेवटचं गाणं धम्मरत्नला दिलं होतं. वरवर तो नुसता “बरं” म्हणाला. आत मात्र त्याचा जीव हरखून गेला होता. सव्वीस वर्षांनी माइक हातात येणार होता. गाणं कशाला म्हणतात ते एकदा दाखवून द्यायचं, म्हणजे मंडळातल्या कोणालाही पुन्हा माइक धरायला तोंड राहणार नाही, असा त्याचा बेत होता.

बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. पण धम्मशीला काही खुळी नव्हती. रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कशाला चालल्यात, ते तिला कळत होतं. ती एवढंच म्हणाली की गळ्याचं राहू द्या, आधी कान दाखवून या, घरातला टीव्ही शेजारी आयकून राह्यले. धम्मरत्ननं नाक मुरडलं. हल्ली माणसंच पुटपुटतात, स्पष्ट बोलायची सवयच मोडली जगाची, असं त्याचं म्हणणं होतं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी महादेवरावांनी त्याला मंगल कार्यालयात बोलावलं. त्यांच्या मुलानं एक मशीन पाठवलं होतं. आवाजाला घुमारा देणारं, आणि बेसूर गायलं तर ओढून सुरात आणणारं. मंडळानं ते आपल्या अकलेनं जोडून ठेवलं होतं. माइक आणि गाण्याचा ट्रॅक, दोन्ही एकाच तारेनं त्यात कोंबले होते. मशीन बिचारं ढोलकीलाही सुरात आणायची खटपट करत होतं. शिवाय घुमारा शेवटपर्यंत फिरवलेला, त्यामुळे महादेवराव ‘हॅलो’ म्हणाले की विहिरीत पडलेला माणूस हाका मारतोय असं वाटायचं. धम्मरत्न नाकातल्या नाकात हसला. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून आता अंगण सरळ करायचं मशीन आणलं, असं त्यानं बोलूनही दाखवलं.

मग त्यानं सगळ्या तारा उपसल्या. माइकची तार आधी मशीनमध्ये, मशीनमधून निघून मिक्सरला. लॅपटॉपवरचा ट्रॅक सरळ मिक्सरला, आणि त्याचीच एक बारीक तार मशीनला, म्हणजे गाण्याची पट्टी त्याचं तेच ओळखील. घुमारा पाव केला. सूर सुधारायचं बटण होतं, ते जाणता माणूस जरासंच फिरवतो. धम्मरत्ननं महादेवरावांकडे एकदा बघितलं आणि पूर्ण फिरवलं.

“सर, सूर तुम्ही पाहूच नका,” तो म्हणाला. “तुम्ही पायाखालचं बटण पाहा. लाल दिवा लागला म्हंजे मशीन चालू. गाणं फिसकटून राह्यलं असं वाटलं, का पाय ठेवा.”

महादेवरावांनी वही काढून ते लिहून घेतलं आणि ‘पाय ठेवा’खाली रेघ ओढली. हे कोणाला कळतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. ज्याला कान आहे त्याला कळतं, तुमच्या मंडळात भ्यायचं कारण नाही, असं धम्मरत्ननं सांगितलं. त्यावर महादेवराव मनापासून हसले. स्वतःच्या अपमानावर हसणारा माणूस धम्मरत्नला अजिबात आवडत नसे.

मंडळाची चिटणीस मंजुश्री गाण्यांची यादी घेऊन बसली होती. कोणाची पट्टी किती उतरवायची ते धम्मरत्न सांगत गेला. याची दोन सूर खाली, हिची तीन, याची कितीही उतरवली तरी फरक पडत नाही. शेवटी मंजुश्रीनं विचारलं, भाऊ, तुमची किती? धम्मरत्न म्हणाला, मूळ पट्टी. पंचविशीत तो ते गाणं त्याच पट्टीत गायचा. तसं तेव्हाही पार्टीत गळा दमला की हार्मोनियमवाला गुपचूप एक सूर खाली उतरायचा आणि ढोलकीवालाही पेटीमागं यायचा, ही गोष्ट खरी. पण ती श्रोत्यांना कधी कळली नव्हती, आणि कित्येकदा तर धम्मरत्नलाही कळली नव्हती.

रविवारी संध्याकाळी कार्यालय भरलं. महादेवरावांनी लाल दिवा लावून गाणं धरलं आणि स्पीकरमधून चक्क सूर बाहेर पडला. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई आधी दचकल्या आणि मग पदर सावरून चारी बाजूंना बघायला लागल्या. टाळ्या थांबेनात. धम्मरत्न मिक्सरमागे ओठ वाकडा करून उभा होता. गाढवाला गुळाची चव काय, असं त्याच्या मनात आलं.

शेवटी त्याचं नाव पुकारलं. त्यानं माइक घेतला, सगळ्यांना दिसेल असा पाय उचलला आणि मशीन बंद केलं.

“मले याचं काम नाही,” तो माइकवर म्हणाला.

मुखडा खालच्या सुरातला होता, तो निभावला. अंतऱ्याला आवाज वर चढवायचा होता. त्यानं चढवला. चढला असंच त्याला वाटलं. पण समोरची माणसं चपलांकडे बघायला लागली. कोणी खिशातली पुडी काढली, कोणी उगाच लेकराला गप्प केलं. गाणारा बेसूर झाला की माणसं काय करतात, हे सव्वीस वर्षं धम्मरत्नएवढं कोणी बघितलं नव्हतं. त्यानं जोर लावला तर आवाज फाटला. जुन्या सवयीनं त्यानं डावीकडे पेटीवाल्याकडे बघितलं. तिथं स्पीकरचं स्टँड होतं, आणि ट्रॅक कोणासाठी थांबत नव्हता. तिसऱ्या रांगेत धम्मशीला तेवढी मान खाली न घालता त्याच्याकडे बघत होती. तिचं ते बघणं त्याला सहन होईना.

तेवढ्यात महादेवराव खुर्चीवरून उठले. चपला काढून, वाकून, फोटोत आड येऊ नये म्हणून जातात तसे ते मागून आले आणि त्यांनी बटणावर पाय ठेवला. लाल दिवा लागला. धम्मरत्नचा गळा होता तिथंच राहिला, पण स्पीकरमधला आवाज वर जाऊन बरोबर जागेवर बसला. माणसांनी माना वर केल्या. दुसऱ्या अंतऱ्याला टाळ्या पडल्या. धम्मरत्नला थांबायचं होतं, पण मधेच थांबायची लाज गाण्याच्या लाजेपेक्षा मोठी होती. तो शेवटपर्यंत गायला.

गाणं संपल्यावर महादेवराव शाल आणि नारळ घेऊन जवळ आले. खांद्यावर शाल घालताना त्याच्या डाव्या कानाशी लागून ते काहीतरी बोलले.

“काय म्हणले?” धम्मरत्ननं विचारलं.

महादेवराव शेवटी मास्तरच. ऐकू न येणाऱ्या पोराला सांगावं तसं त्यांनी तोंड जवळ आणून, आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. टोमणा नव्हता. धम्मरत्ननं त्यांच्या चेहऱ्यावर तो शोधला, पण तिथं निव्वळ आपुलकी होती. फक्त माइक अजून धम्मरत्नच्या हातात होता, दोघांच्या मध्ये, आणि खाली लाल दिवा तसाच होता.

“भाऊ, मशीन लावाचं राहून गेलं होतं तुमचं. मी लावून देल्लं.”

वाक्य पूर्ण सुरात आलं, पाव घुमाऱ्यासकट. तारा धम्मरत्नच्या हातच्या होत्या. मागच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द स्पष्ट गेला.