बाण उजवीकडे

मी एक जुनी पाणसळ आहे आणि सहा वर्षे मी खोटे सांगत आले. हे आधीच कबूल करते, म्हणजे माझी कीव करायची की नाही, ते तुमचे तुम्हाला ठरवता येईल.

मित्रांनो, पाणसळ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. हल्ली सगळे मला 'लेव्हल' म्हणतात. हातभर लांबीची लाकडी पट्टी, तिच्या मधोमध काचेची छोटी नळी आणि नळीतल्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा. मला फरशीवर ठेवायचे. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबला की जागा सपाट, सरकला की कललेली. माझे काम एवढेच, पण माझ्या शब्दावर लोक भिंती पाडतात आणि बांधतात.

माझे पहिले मालक गवंडी होते. घरातली नात ठमी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणेन. त्यांनी माझ्या एका टोकाला खिळ्याने बाण कोरला होता. रोज सकाळी कामाला निघण्याआधी ते मला फळीवर ठेवत, बाण उजवीकडे करून. मग उचलून उलट ठेवत, बाण डावीकडे करून. दोन्ही वेळा मी एकच गोष्ट सांगितली तर मी खरी. "चला, बाईसाहेब शुद्धीवर आहेत," असे म्हणत ते मला पिशवीत टाकत. त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत जायचा. दप्तर पाठीवर टाकून दाराबाहेर पडताना तो 'बाण उजवीकडे' एवढेच बघून जायचा. पुढचे अर्धे बघायला तो कधी थांबला नाही.

आजोबांनी लोकांची पन्नासेक घरे बांधली आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने, म्हणजे ठमीच्या बाबांनी, गल्लीच्या टोकाचे एक जुने, बंद पडलेले घर विकत घेतले. कौले सरकलेली, खिडक्या फुगलेल्या, फरशी जागोजाग उखडलेली. बाबा, आई आणि नऊ वर्षांची ठमी, तिघेही त्या घरावर भाळले.

सामान उतरवताना मी टेम्पोतून थेट दगडी पायरीवर आपटले. काच फुटली नाही. पण नळी ज्या प्लास्टरमध्ये बसवली होती ते एका बाजूने सुटले आणि नळी तांदळाच्या दाण्याएवढी कलली. बाबांनी मला शर्टाने पुसले. "बघा, काही झालं नाही. आमच्या वडिलांची वस्तू आहे," असे ते कौतुकाने म्हणाले. मला मात्र कळले होते.

ज्या दिवशी किल्ली हातात आली, तो त्यांनी 'किल्लीचा दिवस' ठरवला. दर वर्षी त्या दिवशी घराचे एक काम सगळ्यांनी मिळून करायचे. आधी मला मेजावर ठेवायचे, तिघांनी हात लावायचा आणि एका सुरात म्हणायचे, "बाण उजवीकडे." मग बाबा मला तसेच, बाण उजवीकडे करून, कामावर ठेवायचे. मला कोणी कधी उलट करत नसे. असा मान मला आजोबांच्या हातीही मिळाला नव्हता. अंगावर मूठभर मांस चढावे तशी मी फुगले. खरे सांगू? मला वाचा असती तरी मी गप्पच बसले असते.

त्याच वर्षी पुढच्या खोलीची फरशी बसवायला फरशीवाले काका आले. गल्लीत त्यांचा हात सफाईदार म्हणून नाव होते. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी चारही कोपऱ्यांत खुणा घेतल्या आणि चार ओळी बसवल्या. पाणी दाराकडे जावे म्हणून हलकासा उतार ठेवला. संध्याकाळी बाबांनी मला त्या ओळींवर ठेवले. मी सांगितले, दाराकडचा उतार फार जास्त झाला आहे.

"काका, उतार फारच झालाय," बाबा म्हणाले.

"नाही दादा. नळी लावून घेतलीय. तुमची ती जरा फिरवून ठेवा बरं," असे म्हणत काकांनी माझ्याकडे हात पुढे केला.

बाबांनी मला छातीशी ओढून घेतले. "ही माझ्या वडिलांची आहे. हिच्यावर शंका घ्यायची नाही."

काकांनी हात मागे घेतला. मग त्यांनी रबरी हातोडी, थापी आणि पाण्याची नळी गोळा केली, आईला "येतो वहिनी" म्हणाले आणि निघून गेले. बाबा रागात होते. गल्लीतली तीन घरे काकांना काम देणार होती. बाबा तिन्ही घरी जाऊन सांगून आले की काकांच्या हाताला आता अंदाज राहिलेला नाही.

मग काकांच्या चारही ओळी उखडून तिघांनी स्वतः फरशी बसवली, माझ्या शब्दावर. सगळ्यांचे गुडघे सोलून निघाले. पुढच्या किल्लीच्या दिवशी फरशी धुतली तेव्हा सगळे पाणी दाराकडे जायचे सोडून आतल्या खोलीत, गाद्यांकडे निघाले. आई पदर खोचून धावली, ठमीने टॉवेल टाकला, बाबा पायपुसणे घेऊन आडवे झाले आणि तिघेही हसत सुटले. जुने घर म्हटल्यावर असे चालायचेच, अशी त्यांनी समजूत घातली. मग तोही रिवाज झाला. दर वर्षी बादली ओतायची आणि पाणी गाद्यांपर्यंत जाण्याआधी पकडायचे. आत्या-मामा खास बघायला येत. सगळे हसत आणि मी खिडकीत पडून मेल्याहून मेल्यासारखी होत असे. जे हसू त्यांना घराचे वाटत होते, ते माझ्या खोटेपणाचे होते.

सातव्या किल्लीच्या दिवशी पंधरा वर्षांची ठमी पुस्तकांचे कपाट ठोकत होती. ती भिंतीच्या बाजूला अडकली होती, त्यामुळे तिने मला पलीकडून ठेवले. बाण डावीकडे गेला. बुडबुडा सुटला तो टोकाला जाऊन थांबला.

"बाबा, हिला काय झालं?"

तिने मला फिरवले. बुडबुडा मधोमध. पुन्हा फिरवले. पुन्हा टोकाला. बाबांनी मला तिच्या हातातून घेऊन फरशीवर ठेवले आणि स्वतः फिरवून पाहिले. मग ते त्या कललेल्या फरशीवरच बसले.

"आपण काकांना काय काय बोललो," ते हळूच म्हणाले.

"आपण नाही," आई म्हणाली, "तुम्ही. पण मीही तुम्हाला थांबवलं नाही."

काका आता फरशीच्या दुकानात खोकी उचलून ठेवायचे काम करत होते. बाबांनी मला गल्ल्याशेजारी ठेवले, फिरवून दाखवले आणि मान खाली घालून म्हणाले, "काका, चूक माझी होती." काकांनी माझा बाण अंगठ्याने चाचपला. "बाण फिरवून बघण्यासाठीच असतो, दादा. तुमच्या वडिलांना ठाऊक असणार." मला परत देत ते म्हणाले, "पण माझ्याकडे कशाला आलात? मला तर तेव्हाच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

तेव्हा बाबा मला घेऊन त्या तीन घरी गेले. प्रत्येक घरी मला मेजावर ठेवले, फिरवले आणि सारे सांगितले. ज्या गल्लीत माझे कौतुक झाले, तिथेच दारोदारी माझी लबाडी दाखवली गेली. जमिनीत गडप व्हावेसे वाटत होते, पण प्रत्येक घरी बुडबुडा सरकला आणि काकांचे म्हणणे खरे ठरले. पहिल्या घरातल्यांनी "असू द्या हो" म्हणून चहा केला. दुसऱ्यांना काहीच आठवत नव्हते. तिसऱ्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मशीन थांबवले.

"ते दोनदा आले होते माझ्या दारात," त्या म्हणाल्या. "मी दार अर्धंच उघडलं आणि काम नाही म्हणून सांगितलं. माझ्या घरात तेव्हा फरशीचा ढीग पडलेला त्यांना दिसत होता. हे आता मी कसं परत घेऊ?"

बाबांनी मला मेजावरून उचलून पिशवीत ठेवले. 

आता किल्लीच्या दिवशी बादलीचा खेळ होत नाही. बाबा सकाळीच दुकानात जाऊन काकांना जेवायला बोलावतात. काका "बघू" म्हणतात. तीन वर्षे झाली, ते अजून आलेले नाहीत. तरी त्या दिवशी तिघांच्या ताटांसोबत काकांचे चौथे ताट मांडले जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखाद्या लाडक्या माणसाची जुनी वस्तू असेल तर तिला पुसा, जपा, तिची आठवण काढा. पण तिच्या भरवशावर कुणाला खोटे ठरवण्याआधी तिला एकदा फिरवून बघा. काकांनी हात पुढे केला तेव्हा मला त्यांच्या हातात दिले असते, तर माझा मान फार तर घटकाभर गेला असता. त्यांच्या हातातले काम मात्र राहिले असते.