उघडं धरलेलं दार

“कुलूप फुटलेलं नाही, दार वाकलेलं नाही, आतली पट्टीसुद्धा शाबूत आहे,” डेल म्हणाला. “मग पैसे जातात कुठे, गॅरी?”

माझं नाव गिरीश. पाच वर्षं डेल मला गॅरी म्हणतो आणि पाच वर्षं मी ओ देतो. तो एका दैनिकाच्या वर्कशॉपचा मुख्य, आणि मी त्याच्या हाताखालचा मेकॅनिक. प्लेनो आणि आसपासच्या गावांत रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, हॉटेलांच्या दारांत, स्टेशनांवर आमच्या पेपरच्या पेट्या उभ्या आहेत. त्या मोडल्या की माझ्याकडे येतात.

पिंपरीत मी एकवीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. कारखाना बंद पडला, त्याच सुमारास बहिणीने कधीकाळी भरलेले कागद मंजूर झाले आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मी आणि संध्या टेक्सासला आलो. इथले आपले लोक बहुतेक कम्प्युटरवाले. गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारतं, “तुम्ही कुठे असता?” मी म्हणतो, पेपरच्या पेट्या दुरुस्त करतो. तो “अरे वा” म्हणतो आणि लगेच त्याला पलीकडे कोणीतरी ओळखीचं दिसतं. मला आता त्याचं काही वाटत नाही, असं मी संध्याला सांगतो.

पण काम मला आवडतं. पेटी दिसायला साधी असते. वर नाणी टाकायची फट, खाली काचेचं दार. दोन क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची दोन नाणी, टाकली की आतला खटका सुटतो, दार ओढायचं, पेपर घ्यायचा, सोडलं की स्प्रिंगने दार आपोआप बंद. गंमत पुढे आहे. कोकाकोलाचं यंत्र पैसे घेऊन एकच बाटली देतं. आमची पेटी पैसे घेऊन अख्खा गठ्ठा समोर ठेवते आणि तुम्ही त्यातला एकच घ्याल असं धरून चालते. ज्याने ही पेटी पहिल्यांदा बनवली, तो भाबडा नव्हता. आजचा पेपर दोनदा कोणाला हवा असतो? रविवारी सवलतीच्या कुपनांसाठी लोक दोन-चार उचलतात, तेवढी चोरी आम्ही धरूनच चालतो.

खरी भीती नाण्यांच्या डब्याची. रात्रीतून कोणी पहारीने तो उचकटायचा, कोणी लोखंडी चकत्या टाकून बघायचा. चकत्यांसाठी आत लोहचुंबक असतो. पहारीवर मात्र उपाय माझा. मी डब्यावर जाड पोलादी पट्टी बसवली, कुलूप आत घेतलं आणि किल्ली नळीसारखी गोल केली, जिची नक्कल बाजारात निघत नाही. ते कुलूप बसवल्यापासून एकही डबा फुटला नव्हता, आणि मी ते डेलला गरजेपेक्षा जास्त वेळा ऐकवलं होतं.

आता त्याच कुलपाने माझा गळा धरला. लाइट रेल स्टेशनवरच्या पेटीत रोज तीस पेपर जात. सत्तावीस संपत, आणि डब्यात पैसे निघत नऊ पेपरांचे. महिनाभर हेच. गोल किल्ल्या तीनच होत्या : डेलकडे, पेपर भरणाऱ्या ड्रायव्हरकडे आणि माझ्याकडे. डेलने ड्रायव्हर बदलून पाहिला. तूट तशीच राहिली. मग उरलो मी.

मी दाराला आतून एक छोटा काउंटर बसवला. दार नऊ वेळाच उघडत होतं. पैसे नऊचे, दार नऊदा. म्हणजे डब्याला कोणी हात लावत नव्हतं, एकेका उघडण्यात सरासरी तीन पेपर बाहेर पडत होते. हे मी डेलला दाखवलं तेव्हा तो काउंटरकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.

“हा तूच बसवलास ना?” तो म्हणाला. “सोमवारी मला वर नाव द्यायचं आहे, गॅरी. दुसरं काही सापडलं तर सोमवारच्या आत सांग.”

तो वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पण एकवीस वर्षं टूलरूममध्ये माझ्याकडून एक ड्रिल बिट हरवला नव्हता, आणि माझ्या नावापुढे चोर हा शब्द माझ्याच कुलपामुळे लागणार होता. शुक्रवारी सकाळी सहाला मी व्हॅन स्टेशनसमोर लावली, काच खाली केली आणि पेटीवर डोळे लावून बसलो.

साडेसहाला एक म्हातारा आला. करडा ब्लेझर, टाय, खाली पांढरे बूट आणि कानांवर घट्ट बसवलेली लोकरी टोपी. ब्लेझर आणि टोपी एकत्र पाहिल्यावर गाव सोडून बाकी सगळं कळलं : आपल्याकडचा, मुलाकडे राहायला आलेला. त्याने दोन क्वार्टर टाकले, दार ओढलं, पेपर घेतला, आणि दार सोडलंच नाही. मागून एक बाई नाणी शोधत येत होती. म्हाताऱ्याने डाव्या हाताने दार धरलं, किंचित वाकून उजव्या हाताने पेपर काढला आणि तिच्या हातात दिला. बाई थबकली, मग हसून “थँक यू, सर” म्हणाली आणि गेली. तिच्यामागे दोघं आले. त्यांनाही दिला. गाडीची वेळ झाली, माणसं संपली, तेव्हा त्याने दार हळूच सोडलं आणि बाकावर बसून मथळे वाचू लागला. पुढच्या गाडीला एका पोराने स्वतः पैसे टाकून दार उघडलं, तर हा उठला आणि ते धरून उभा राहिला.

ब्लेझरमुळे तो लोकांना कंपनीचा माणूस वाटत असणार. कित्येकांना तर तो नावाने ओळखत होता. एका काळ्या गृहस्थाने त्याला विचारलं, “गुडघा कसा आहे?” त्याने पाय उचलून दाखवला.

मला चोर सापडला होता. व्हॅनमधून उतरताना मी खूश होतो, हे कबूल करायला हवं.

“नमस्कार,” मी मराठीत म्हणालो. “कुठले आपण?”

त्याचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. “नागपूर. धंतोली. मी प्रल्हादराव. मुलाकडे आलो, संग्रामकडे. सहा महिन्यांसाठी. बसा नं. तुम्ही काय करून राहिले इथे?”

मी नाव सांगितलं आणि बसलो. ते बोलत सुटले. मुलगा आणि सून वल्लरी सकाळी सातला हायवेला लागतात, ते अंधार पडल्यावर येतात. पायी जाण्यासारखं घरापासून हे एक स्टेशन. “इथेच चार माणसं भेटतात,” ते म्हणाले. “घरी तर डिशवॉशरच बोलतो.”

“काका, तुम्ही ते दार का धरता?” मी विचारलं.

“मॅनर्स,” ते ताठ बसत म्हणाले. “आल्यावर पहिल्याच आठवड्यात लायब्ररीत गेलो. मी आत शिरलो, दार सोडलं, ते मागून येणाऱ्या बाईच्या तोंडावर. संग्राम सगळ्यांसमोर म्हणाला, ‘बाबा, इथे मागच्यासाठी दार होल्ड करतात. असं केलं तर लोक आपल्याला जंगली समजतात.’ तेव्हापासून मी एक दार सोडलं नाही. बँकेचं नाही, दुकानाचं नाही, हेही नाही.”

“पण ही पेटी आहे, काका. प्रत्येकाने आपापले पैसे टाकायचे असतात.”

“दार बंद असलं तर टाकायचे. उघडं असलं तर काहून?” ते सहज म्हणाले. मग थांबले. पेटीकडे पाहिलं. कागदावरचा हिशेब तपासावा तसे त्यांचे ओठ हलले. “म्हणजे पैसे दाराचे नाही. पेपरचे.”

“हो.”

“मी रोज यांचे पेपर वाटून राहिलो होतो.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “गिरीशभाऊ, मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बत्तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. पाच ग्रॅमसाठी दुकानं सील केली.” त्यांनी मान वर केली. “याचा कोणाला त्रास झाला?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं, कारण सोमवार माझ्या डोक्यावर बसला होता. किल्ल्या, ड्रायव्हर, काउंटर, डेल, सगळं. ऐकून ते लगेच उठले.

“चला. आत्ताच. मी सांगतो त्यांना.”

“नको, काका,” मी म्हणालो. पण एकदाच म्हणालो.

वर्कशॉपला जाताना वाटेत त्यांनी एवढंच सांगितलं, “संग्रामला कळवू नका. त्याच्या ग्रीन कार्डचं चाललं आहे. घाबरेल.” मग त्यांनी खिशातून कंगवा काढून केस नीट केले आणि टायची गाठ वर सरकवली. स्वतःवरच्या खटल्याला निघाले होते. मला ते दिसत होतं, आणि मी गाडी चालवत होतो.

डेल टेबलाशी कॉफी पीत होता. प्रल्हादराव त्याच्यासमोर सरळ उभे राहिले, हात बाजूला. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“सर, आय ॲम द पर्सन कन्सर्न्ड,” ते सावकाश म्हणाले. “धिस मॅन इज इनोसंट. आय हॅव डिस्ट्रिब्युटेड युवर न्यूजपेपर्स विदाउट पेमेंट. आय विल पे. इफ देअर इज एनी ॲक्शन, प्लीज टेक इट अगेन्स्ट मी.”

डेलला काही कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं : लायब्ररी, मॅनर्स, दार. ऐकता ऐकता त्याचे गाल फुगत गेले आणि मग तो हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आतल्या खोलीतल्या दोघांना त्याने हाका मारून बोलावलं आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली. ते दोघंही हसले. तीस वर्षांत असा चोर पाहिला नाही, डेल म्हणाला. पैशाचं नाव काढू नका, तो म्हणाला. त्याने प्रल्हादरावांच्या पाठीवर थाप मारली आणि मग माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. “सॉरी, गॅरी. खरंच सॉरी.”

महिनाभराचं ओझं एका हस्तांदोलनात उतरलं. मीही हसलो. मोठ्याने हसलो. हसता हसता माझी नजर प्रल्हादरावांकडे गेली. ते अजून हात बाजूला ठेवून उभे होते. ते माझ्याकडेच बघत होते. मी तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

आम्ही निघालो तेव्हा डेल पुढे धावला आणि काचेचं दार उघडून धरलं. “या, सर. याचे पैसे नाहीत,” तो म्हणाला. मागचे दोघं पुन्हा हसले.

प्रल्हादराव उंबऱ्याशी थांबले. डेलने हाताने खूण केली. ते जागचे हलले नाहीत. तोंडावर राग नव्हता, अपमान झाल्याचंही काही नव्हतं, फक्त ते थांबून राहिले. डेलचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. शेवटी त्याने हात काढला आणि दार बंद झालं. मग प्रल्हादराव पुढे झाले, त्यांनी स्वतः दार ढकललं आणि बाहेर गेले.

आम्ही व्हॅनमध्ये बसलो. एका सिग्नलला मी म्हणालो, “काका, तो मनाने चांगला आहे.”

“आहे नं. दंडही नाही घेतला.” ते काचेतून बाहेर बघत होते. “मी इतक्या दुकानदारांवर केसेस केल्या, पण कोणाला हसलो नाही कधी.”

मी हसायला नको होतं, एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे घेतली. ते आजही म्हणायचं राहिलं आहे.

त्यांच्या मुलाच्या अपार्टमेंटसमोर मी गाडी थांबवली. त्यांनी पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा मी वाकून सोडवला.

“नोकरी राहिली नं तुमची?” त्यांनी विचारलं.

“राहिली.”

“मग झालं.”

“काका, सोमवारी मी त्या बाजूला येतो. स्टेशनवर असाल ना?”

त्यांनी टोपी घातली, दोन्ही कान नीट झाकले. “संग्राम म्हणतो, हाच पेपर कम्प्युटरवर फुकट येतो. पैसे नाही, दार नाही. त्याला सांगतो, लावून देत जा म्हणून.”

ते उतरले. व्हॅनचं दार त्यांनी लावलं, पण ते नीट बसलं नाही. दोन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते परत आले, दार उघडलं, माझ्याकडे न बघता पुन्हा लावलं आणि बसलं की नाही ते हाताने ओढून पाहिलं.